डाळ भारी की पालेभाजी? जालन्याच्या ताटाचा हिशेब

वस्तीवर आरोग्याची बैठक घेतली की एक प्रश्न हमखास येतो. "डाळीत ताकद जास्त का पालेभाजीत?" विचारणारी बहुधा एखादी तरुण आई असते. तिला उत्तर एका शब्दात हवे असते, कारण बाजाराच्या दिवशी हातात असलेल्या पैशात दोन्ही येतीलच याची खात्री नसते. "दोन्ही खा, समतोल आहार घ्या" हे पत्रकातले उत्तर खोटे नाही, पण त्याने कुणाचे समाधानही होत नाही. म्हणून या लेखात आम्ही हा प्रश्न तिने विचारला तसाच घेतो आहोत आणि आकड्यांसह त्याचे उत्तर मांडतो आहोत. वस्तीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना बैठकीत हे आकडे उपयोगी पडावेत, एवढाच हेतू.

प्रश्न किती गंभीर आहे ते आधी पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत हे प्रमाण 68.9 टक्के होते. त्याआधीच्या फेरीत (2015-16) हेच आकडे 48 आणि 53.8 टक्के होते. म्हणजे मधल्या काळात रस्ते झाले, मोबाईल आले, गॅस आला, आणि रक्त मात्र कमी झाले. पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने ठेंगणी निघाली. हे सगळे राज्याचे सरासरी आकडे आहेत. भूमिहीन मजुराच्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाच्या घरात सरासरीपेक्षा बरे चित्र असेल, अशी अपेक्षा कुणी करणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय अन्नपदार्थांतील घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यातले आकडे 100 ग्रॅम कच्च्या पदार्थाचे आहेत. तूरडाळीत प्रथिने सुमारे 22 ग्रॅम, मूगडाळीत 24, मटकीत 20, अख्ख्या हरभऱ्यात 19. पालेभाज्यांत मेथीत 4 ग्रॅमलाही थोडी कमी, पालकात 2, शेवग्याच्या पाल्यात 6 च्या थोडी वर. इथे डाळ सरळ जिंकते. लोह पाहा: तूरडाळीत सुमारे 4 मिलिग्रॅम, हरभऱ्यात 7 च्या आसपास, मटकीत 8. मेथीत साडेपाच ते सहा, हिरव्या माठात साडेचार, पालकात 3. ही जवळपास बरोबरीची लढत. कॅल्शियमवर आलो की पारडे फिरते. तूरडाळीत 70 मिलिग्रॅमच्या आसपास, तर मेथीत 270 च्या वर आणि माठ-शेवग्यात 300 च्या वर. क जीवनसत्त्व सुक्या डाळीत जवळजवळ नसतेच. शेवग्याच्या पाल्यात ते 100 मिलिग्रॅमच्या पुढे, माठात 80 च्या पुढे, मेथीत 58 च्या आसपास असते. डोळ्यांसाठी लागणारे अ जीवनसत्त्व शरीर ज्या पिवळ्या-केशरी रंगद्रव्यापासून बनवते, ते बीटा कॅरोटिन पालेभाज्यांत भरपूर असते. डाळीत ते नावापुरते.

पण हे आकडे असेच फळ्यावर लिहिले तर फसगत होते. मोबाईलवर फिरणारे आहाराचे बहुतेक संदेश इथेच फसतात. डाळ सुकी असते, तिच्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास. पालक-मेथीत 85 ते 90 टक्के पाणीच. सुकी वस्तू आणि ओली वस्तू एकाच काट्यावर ठेवून तुलना करणे म्हणजे धान्याचे पोते आणि पाण्याचा हंडा वजनाने तोलणे. शिवाय 100 ग्रॅम सुकी डाळ एका माणसाच्या वाट्याला एका वेळी येत नाही. म्हणून तुलना करायची तर ताटात पडणाऱ्या वाटीची करावी.

घट्ट वरणाच्या एका वाटीला साधारण 30 ग्रॅम सुकी डाळ लागते. त्यातून प्रथिने मिळतात साडेसहा ग्रॅम, लोह सव्वा मिलिग्रॅमपेक्षा थोडे कमी. 100 ग्रॅम निवडलेली मेथी शिजून आटून एक लहान वाटी होते. तिच्यातून प्रथिने साडेतीन ग्रॅमच्या थोडी वर आणि लोह साडेपाच मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे वाटीला वाटी लावली तर प्रथिनांत डाळ पुढे राहते, पण अंतर दहापटीचे उरत नाही, दुपटीच्या आत येते. लोहात मेथी तूरडाळीच्या कितीतरी पुढे जाते. तूरडाळीऐवजी तेवढ्याच मटकीची उसळ केली तर लोह दुप्पट होऊन 2.4 मिलिग्रॅमवर येते. ते मेथीपेक्षा कमी असले तरी वरणापेक्षा बरेच चांगले.

हा घट्ट वरणाचा हिशेब झाला. आपल्याकडे पाहुणा आला की वरणात तांब्याभर पाणी वाढते, हे सांगायला पोषणतज्ज्ञ लागत नाही. पाच माणसांच्या घरात 100 ग्रॅम डाळ शिजली, तर प्रत्येकाच्या वाट्याला 20 ग्रॅम, म्हणजे चार ग्रॅमच्या थोडी वर प्रथिने. तीही सारखी वाटली गेली तर. जी बाई शेवटी जेवते तिच्या वाट्याला डाळीचा तळ येत नाही, वरचे पाणी येते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2020 मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार 55 किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे 46 ग्रॅम प्रथिने आणि 29 मिलिग्रॅम लोह लागते. पुरुषाला लोह 19 मिलिग्रॅम पुरते. लोहाची गरज बाईची जास्त, आणि ताट तिचे शेवटचे. रक्तक्षयाचे अर्धे समाजशास्त्र या एका वाक्यात आहे, आणि ते गोळ्या वाटून सुटत नाही.

पोटात गेले म्हणजे रक्तात गेले असे नाही

तक्त्यातले लोह आणि अंगाला लागणारे लोह यांत मोठा फरक आहे. वनस्पतींतले लोह शरीर सहजासहजी शोषत नाही. मटण, मासे, कलेजी यांतले लोह त्यापेक्षा बरेच सोपे जाते. डाळी-कडधान्यांत फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो लोहाला बांधून ठेवतो. चहातले टॅनिनही तेच करते. म्हणून जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या चहा घेण्याची सवय आपल्या मजूर बायाबापड्यांना फार महाग पडते. चहा जेवणाआधी किंवा नंतर तासाभराच्या अंतराने घ्यावा.

उलट क जीवनसत्त्व या लोहाची गाठ सोडवते. डाळ आणि पालेभाजी यांचा खरा संबंध इथे आहे. डाळीत लोह आहे पण क जीवनसत्त्व नाही, पालेभाजीत ते आहे. दोन्ही एकाच जेवणात आले तर डाळीतलेही लोह जास्त लागते. म्हणजे सोमवारी डाळ आणि मंगळवारी भाजी यापेक्षा दोन्ही थोडे थोडे एकाच ताटात असणे फायद्याचे. अडचण एवढीच की क जीवनसत्त्व शिजवताना बरेचसे नष्ट होते. त्यावरचा उपाय आपल्या आज्यांना माहीत होता: घोळाणा. कोवळी करडई, मेथी, कांद्याची पात बारीक चिरून त्यावर तेल, तिखट, मीठ, दाण्याचा कूट घालून कच्चीच भाकरीबरोबर खायची. भाजी नीट धुतली पाहिजे, एवढीच अट. घोळाणा नसेल तर वरणावर लिंबू पिळावे, किंवा उसळीवर वरून कोथिंबीर घालावी.

मराठवाड्यातले गरगट्टं हेही असेच हुशारीचे अन्न आहे. मिळतील त्या दोन-चार पालेभाज्या, त्यात तुरीची किंवा हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, सगळे एकत्र शिजवून घोटायचे आणि वरून लसणाची फोडणी. अंबाडीच्या भाजीत तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या घालतात तेही तसेच. बीटा कॅरोटिन तेलाशिवाय शोषले जात नाही, ती सोय फोडणी करते. डाळीच्या प्रथिनांत मेथिओनिन हा घटक कमी असतो आणि लायसिन भरपूर. ज्वारी-बाजरीत नेमके उलटे. भाकरी आणि डाळ एकत्र आली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. गरगट्टं आणि भाकरी हे जेवण कुणी प्रयोगशाळेत बसून आखले असते, तरी याहून फार वेगळे झाले नसते.

मोड आणण्याबद्दलही सांगायला हवे. मटकी, मूग, हरभरा भिजवून मोड आणले की फायटेट कमी होते आणि दाण्यात क जीवनसत्त्व नव्याने तयार होते. यासाठी वेगळा खर्च नाही, फक्त आदल्या दिवसाची आठवण लागते. सकाळी सहाला कापूस वेचायला निघणाऱ्या बाईला ही आठवण ठेवायला सांगणे सोपे आहे. घरातल्या तरुण पोरांनी ते काम अंगावर घेतले तर जास्त बरे.

पालकाविषयी एक गैरसमज पक्का बसला आहे. पालकात कॅल्शियम आणि लोह दोन्ही आहेत, पण त्यात ऑक्झलेट इतके असते की त्यातले कॅल्शियम शरीराला जेमतेम 5 टक्के मिळते. दुधातले त्याच्या पाचपट लागते. मेथीत ऑक्झलेट पालकापेक्षा बरेच कमी. पालक वाईट नाही, त्यात फोलेट चांगले असते आणि गरोदर बाईला त्याची फार गरज असते. पण बाजारात पालकाची जुडी महाग असताना मेथी किंवा माठ घेतला म्हणून काही बुडत नाही. शेवग्याचा पाला तर बहुतेक घटकांत पालकाला मागे टाकतो, आणि तो झाडावरून फुकट मिळतो. फोलेट अख्ख्या हरभऱ्यात आणि मटकीत पालकापेक्षाही जास्त आहे, हेही गरोदर बायांना सांगावे.

दोघांतही जे नाही

ब-12 हे जीवनसत्त्व डाळीत नाही आणि पालेभाजीतही नाही. ते प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातच असते: दूध, दही, अंडी, मासे, मटण. रक्त तयार होण्यासाठी आणि नसांच्या आरोग्यासाठी ते लागतेच. त्यामुळे "डाळ-पालेभाजी खा, बाकी कशाची गरज नाही" असे कुणी सांगत असेल तर ते अर्धवट आहे. आपल्या समाजाच्या ताटात मांसाहार होता, त्यात स्वस्त मांस होते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या 2015 च्या पुस्तकात मराठवाड्यातील दलित समाजांच्या या खाद्यपरंपरेची नोंद केली आहे, ती तरुणांनी वाचावी. त्याच 2015 साली राज्यात 1976 च्या प्राणी रक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. या बंदीवर मते वेगवेगळी असू शकतात. पण गरिबाच्या ताटातून लोह, ब-12 आणि प्रथिने देणारा एक स्वस्त पदार्थ गेला आणि त्याच्या जागी सरकारने काही ठेवले नाही, हे सरळ दिसते. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय 2023 च्या अखेरीस झाला होता. जानेवारी 2025 मध्ये शासनाने त्याचा निधी थांबवला. एका अंड्यातून साधारण 30 ग्रॅम डाळीइतकी प्रथिने मिळतात, शिवाय ब-12. शाळेतल्या पोराच्या दृष्टीने हा तोटा किती, ते ज्याने त्याने मोजावे.

पिकते कुठे, जाते कुठे

जालना जिल्हा डाळींच्या बाबतीत साधा जिल्हा नाही. बदनापूरला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र आहे. तुरीचे बीएसएमआर 736 आणि बीडीएन 711 हे वाण तिथलेच. 'बीडीएन' ही अक्षरे बदनापूरचीच. वांझ रोगाला दाद न देणारी, कमी दिवसांत येणारी तूर या केंद्राने मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती दिली. ज्या तालुक्याचे नाव घेऊन तूर दूरदूर पेरली जाते, त्याच तालुक्यातल्या वस्तीत वरण पातळ असावे, याचे कारण मातीत नाही.

कारण असे की डाळ पैशावर अवलंबून आहे आणि पालेभाजी जमिनीवर. ज्याला जमीन नाही त्याला दोन्ही विकत घ्यावे लागते. पूर्वी निंदणीला गेलेली बाई संध्याकाळी ओट्यात तांदुळजा, घोळ, चिवळ, पाथरी घेऊन यायची. शेत मालकाचे असले तरी त्यातले तण तिचे होते. त्या तणावर कित्येक पिढ्यांचे रक्त भरले. आता कपाशी-सोयाबीनमध्ये तणनाशक फवारले जाते. निंदणीची मजुरी गेली, तिच्याबरोबर फुकटची भाजीही गेली. फवारलेल्या रानातली, बांधावरची भाजी खुडू नये, हे आम्ही बैठकीत सांगतो. ते सांगावेच लागते. पण तिच्या जागी काय खायचे हे त्याच दमात सांगता आले पाहिजे.

रेशनचेही तेच. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 चा. त्यात प्राधान्य कुटुंबातील माणशी महिना 5 किलो धान्य हक्काने मिळते, डाळ नाही. कोरोनाच्या काळात, एप्रिल ते नोव्हेंबर 2020, कुटुंबामागे महिन्याला एक किलो डाळ किंवा हरभरा मोफत मिळाला आणि मग बंद झाला. म्हणजे सरकार मनावर घेते तेव्हा डाळ दुकानापर्यंत पोचते. तांदळात 100 ग्रॅमला लोह एक मिलिग्रॅमही नसते, ज्वारीत चारच्या आसपास असते. भाकरीची जागा रेशनच्या भाताने घेतली की लोह किती घटते, ते यावरून कळेल. (रेशनच्या तांदळात आता लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-12 मिसळलेले दाणे असतात. ते थोडे वेगळे दिसतात म्हणून "प्लास्टिकचा तांदूळ" समजून निवडून टाकले जातात. टाकू नयेत. भाताचे पाणीही ओतून देऊ नये.)

राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये सुचवलेल्या 2000 उष्मांकांच्या ताटात दिवसाला माणशी 85 ग्रॅम डाळ, अंडी किंवा मांस आणि 400 ग्रॅम भाज्या आहेत. पालेभाजी दिवसाला 100 ग्रॅम असावी, असे ही संस्था सांगते. पाच माणसांच्या घराने हे सगळे 85 ग्रॅम डाळीतूनच भागवायचे म्हटले तर महिन्याला पावणेतेरा किलो डाळ लागेल. मजुरीवर चालणाऱ्या घराच्या किराणा यादीत हा आकडा कुणी पाहिला असेल तर आम्हाला जरूर कळवावे.

यावर एक उत्तर आपल्याच शिवारात पडून आहे, ते म्हणजे सोयाबीन. त्यात 100 ग्रॅमला 35 ग्रॅमच्या वर प्रथिने. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये आहे, तुरीचा 8,000. म्हणजे सोयाबीन किलोला 53 रुपये, आणि प्रत्यक्षात शेतकऱ्याला पुष्कळदा त्याहून कमी मिळतात. आपण हे प्रथिनांचे पोते मोंढ्यावर विकतो आणि दुकानातून त्याच्या कितीतरी जास्त दराने तूरडाळ आणतो. सोयाबीन कच्चे किंवा नुसते दळून खाऊ नये, त्यातला एक घटक प्रथिनांचे पचन अडवतो. ते आधी उकळून वाळवावे किंवा चांगले भाजावे, मग नऊ किलो ज्वारी-गव्हात एक किलो या प्रमाणात दळून आणावे. भाकरीची चव फारशी बदलत नाही. पोरांना सवय व्हायला आठवडा जातो.

पालेभाजीसाठी जागेची अडचण खरी आहे, पण शेवग्याला जागा लागत नाही. घरामागे मोरीचे पाणी जिथे जाते तिथे एक फांदी लावली तरी जगते, आणि उन्हाळ्यात बाजारात भाजी नसते तेव्हाही तिला पाला असतो. हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून सावलीत वाळवून ठेवण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. वाळवताना क जीवनसत्त्व जाते, पण लोह आणि कॅल्शियम राहते. सावलीत वाळवला तर बीटा कॅरोटिनही बरेचसे टिकते. ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबाने अशा वाळल्या भाजीची आणि मटकीची पिशवी बरोबर नेली, तर कोपीवर चटणी-भाकरीशिवाय काहीतरी शिजेल.

तेव्हा त्या आईला उत्तर काय द्यायचे? पैसे अगदीच थोडे असतील तर डाळ-कडधान्य विकत घ्यावे आणि पालेभाजी विकत न घेता मिळवायचा प्रयत्न करावा. प्रथिने देणारी वस्तू फुकट मिळत नाही, पाला मिळू शकतो. तूरडाळीच्या पैशात मटकी किंवा हरभरा जास्त येत असेल तर तो घ्यावा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर आठवड्यातून दोन-तीन अंडी या यादीत सर्वांत वर यावीत.

राहिली शाळा. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी ठरलेली आहे. सहावी ते आठवीला 150, 30 आणि 75 ग्रॅम. ही सगळी कच्ची वजने आहेत. पहिली ते पाचवीची 50 मुले हजर असतील तर त्या दिवशी पातेल्यात एक किलो डाळ आणि अडीच किलो भाजी गेली पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा महिलांसाठी असतात आणि बहुतांश सदस्य पालक असतात. त्या बैठकीला जाताना ज्या आईने हा प्रश्न विचारला तिला बरोबर न्यावे, आणि वजनकाटा कुठे ठेवला आहे ते तिनेच विचारावे.